मीटर नेमका कुणाच्या नावावर आहे?

ताई, स. न. वि. वि.

मी मूळची डिचोलीची. नवऱ्याच्या पोर्तुगीज पासपोर्टवर आठ वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या स्विंडनला आलो. दोघांनाही सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहण्याचा परवाना, आहे, मुलगी तीन वर्षांची. नवरा गोदामात रात्रपाळी करतो. मार्चमध्ये त्याचे तास कमी झाले आणि एप्रिलपासून आम्हाला युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घराचा सरकारी भत्ता, मिळतं. मेच्या मध्याला या घरात आलो. घरमालक नवऱ्याच्या गावचेच. मीटरमध्ये पैसे आगाऊ भरायचे: विजेला किल्ली आहे, गॅसला कार्ड. शॉवर विजेचा, चूलही विजेची, भांड्यांना किटलीतलं पाणी, म्हणून उन्हाळाभर गॅसमध्ये पैसे घातलेच नाहीत. नरकचतुर्दशीला मुलीला पहाटे अभ्यंग घालायचं होतं, घर जरा ऊबदार असावं म्हणून आदल्या दिवशी वीस पौंड भरले. स्क्रीनवर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आणखी वीस भरले, तरी शून्य. चाळीस पौंड गेले आणि रेडिएटर गारच. शेवटी विजेचा पंख्याचा हीटर आणला, तर आता किल्लीत कितीही भरा, पुरत नाही. मुलीच्या खोलीत कपाटामागची भिंत काळी पडली आहे. घरमालक म्हणतात, मीटर आहे तसा राहू दे, कंपनीला फोन करू नकोस, उगाच लफडं होईल. मैत्रीण म्हणते कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, मदत माग. दुसरी म्हणते, मदत मागितलीस तर पुढे पासपोर्टच्या वेळी ते नडेल. आजवर आम्ही कुणापुढे हात पसरलेला नाही. काय करू?

— एक गोंयकार सून, स्विंडन

*

सूनबाई,

पत्रात तुम्ही विचारलंय मदत मागू की नको. ते सांगतेच, पण पुढे. आधी ते चाळीस पौंड कुठे गेले ते बघू या. मीटरमध्ये पैसा कुठे मुरतो हे कळल्याशिवाय वरून कितीही मदत ओतली तरी ती तिथेच मुरेल. आणि तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य घरमालकांचं आहे: ‘कंपनीला फोन करू नकोस.’ मला तिथेच पाल चुकचुकली.

गॅस जाळा किंवा जाळू नका, मीटर रोज एक ठरावीक रक्कम लावतो. तो स्टँडिंग चार्ज. 2025 मध्ये तो गॅससाठी दिवसाला साधारण 30 ते 34 पेन्स होता. मेच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत पाच महिन्यांहून जास्त दिवस होतात. हिशेब केला तर पन्नास पौंडांच्या आसपास रक्कम येते. तुम्ही कार्ड घातलं नाहीत म्हणून मीटर गप्प बसला नाही, तो उधारी लिहीत राहिला. चाळीस भरलेत तेव्हा त्याने आधी आपली उधारी वळती केली आणि तरीही ती पुरी फिटली नाही. म्हणजे मीटर बिघडलेला नसेलही, एवढ्या हिशेबात तुमचे चाळीस पौंड बसतात. पुढच्या उन्हाळ्यासाठी एवढं लक्षात ठेवा की गॅस वापरत नसलात तरी आठवड्याला दोन-अडीच पौंड कार्डात घालत राहायचं. नाहीतर पहिल्या थंडीत सगळं एकदम अंगावर येतं.

पण हिशेब जुळला म्हणून मी निश्चिंत नाही. अशा आगाऊ भरण्याच्या, म्हणजे प्रीपेमेंट मीटरमध्ये आणखी दोन प्रकारची देणी असू शकतात. एक एमर्जन्सी क्रेडिट. पैसे संपल्यावर मीटर पाच-दहा पौंड उसने देतो आणि पुढच्या भरण्यातून आधी तेच कापून घेतो. दुसरं जुनं कर्ज. कुणाचं तरी बिल थकलं की कंपनी ते मीटरवर चढवते आणि आठवड्याला ठरावीक हप्ता कापते. हा ‘कुणाचं तरी’ म्हणजे तुमच्या आधी त्या घरात राहणारा भाडेकरू असू शकतो. नवीन माणूस आला आणि त्याने कंपनीला कळवलंच नाही, तर मीटरच्या लेखी जुनाच माणूस तिथे राहतोय. त्याचं कर्ज तुमच्या किल्लीतून फिटत राहतं. हे इथे सर्रास होतं, आणि आपल्या लोकांत जास्त होतं, कारण घर ओळखीतून मिळतं, किल्ली आणि कार्ड हातात दिलं जातं, भाडं रोख, आणि ‘आपलाच माणूस’ म्हणून कुणी कागद मागत नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

तेव्हा आज संध्याकाळी एक काम करा. दोन्ही मीटरपुढे फोन घेऊन उभ्या राहा. मीटरवरचं बटण एकेकदा दाबत जा, प्रत्येक दाबाला स्क्रीन बदलते. समजो न समजो, प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा. त्यात कुठेतरी एकूण कर्ज असतं, कुठे आठवड्याचा हप्ता, कुठे वापरलेले युनिट. कोणत्या आकड्याचा अर्थ काय हे मीटरच्या बनावटीप्रमाणे बदलतं, म्हणून तुम्ही डोकं शिणवू नका. फोनवरच्या बाईला फोटोतले आकडे वाचून दाखवा, अर्थ तिला सांगू दे. मीटरचा नंबरही फोटोत येऊ द्या.

आता फोन कुणाला? कार्डावर किंवा किल्लीवर कंपनीचं नाव असतं, पण ते जुन्या भाडेकरूच्या वेळचं असू शकतं. गॅसची कंपनी ‘फाइंड माय सप्लायर’ या साइटवर पत्ता घातला की कळते. विजेची कंपनी तुमच्या भागाची तारांची कंपनी सांगते, स्विंडनला ती एसएसईएन आहे. दोन्ही कंपन्या वेगळ्या असू शकतात. मग दोन फोन.

फोनवर एवढंच सांगायचं: आम्ही मेच्या अमुक तारखेपासून या पत्त्यावर भाड्याने राहतो, खातं आमच्या नावावर करायचं आहे, त्याच तारखेपासून. मीटरवर आधीचं काही कर्ज असेल तर ते आमचं नाही, ते काढून टाका, आणि आमच्या भरण्यातून ते कापलं गेलं असेल तर परत करा. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर सुरुवातीलाच दुभाषी हवा म्हणून सांगा. कंपनी भाडेकराराची प्रत मागेल. करार लेखी नसेल तरी घाबरू नका, तोंडी भाडेकरारही इंग्लंडच्या कायद्यात करारच असतो. कौन्सिल टॅक्सचं बिल, भाडं बँकेतून जात असेल तर त्याची नोंद, युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यातला पत्ता, मुलीच्या नर्सरीचं पत्र, यातलं जे असेल ते पाठवा. ते नवीन किल्ली आणि नवीन कार्ड पाठवतील. ती आली की जुनी परत कधीही मीटरमध्ये घालायची नाही. आठवण म्हणूनसुद्धा ठेवू नका, घरातला दुसरा कुणीतरी घाईत तीच घेऊन दुकानात जातो.

त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी मागून घ्या. पहिली ‘ॲडिशनल सपोर्ट क्रेडिट’. हे शब्द जसेच्या तसे वापरा. मीटरवर आपोआप मिळणाऱ्या एमर्जन्सी क्रेडिटपेक्षा हे वेगळं. अडचणीतल्या घराला, विशेषतः लहान मूल असलेल्या घराला, कंपनीने जास्तीचं उसनं देऊ करायचं, असा ऊर्जा नियामक ऑफजेमचा नियम आहे. ते फेडावं लागतं, पण कसं फेडायचं ते तुमची ऐपत बघून ठरवायला हवं. ‘आठवड्याला इतकेच जमतील’ असं तुम्ही म्हणू शकता आणि म्हणायलाच हवं. आधीच एखादा हप्ता कापला जात असेल तर तोही याच न्यायाने कमी करून मागता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे ‘प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर’मध्ये नाव. पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घराला ते मोफत मिळतं. त्यात पैसे मिळत नाहीत, पण तुमच्या घरात लहान मूल आहे हे कंपनीच्या नोंदीत येतं, आणि पुढच्या प्रत्येक फोनला त्याचा उपयोग होतो.

कंपनीने टाळाटाळ केली तर रीतसर ‘तक्रार’ हा शब्द वापरून तक्रार नोंदवा आणि तारीख लिहून ठेवा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर वीज-गॅसच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या एनर्जी ओम्बड्समनकडे फुकट जाता येतं. मध्ये कुणी मार्गदर्शन करणारं हवं असेल तर सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेची ग्राहक हेल्पलाइन 0808 223 1133 आहे, फोन मोफत. मीटरमधले पैसे संपले आहेत आणि घरात लहान मूल आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा.

आता घरमालक. ते वाईटच असतील असं मी म्हणत नाही. कदाचित खातं त्यांच्याच नावावर असेल, कदाचित आधीच्या भाडेकरूने कर्ज करून ठेवलं असेल आणि ते आपल्या अंगावर येईल ही त्यांना भीती असेल, कदाचित त्यांनाच काही माहीत नसेल. पण वीज-गॅसचे पैसे तुम्ही भरत असाल तर खातं तुमच्या नावावर करायला त्यांची परवानगी लागत नाही. कंपनी बदलायलाही लागत नाही. अंगावर कर्ज असलं तरी एका इंधनाला पाचशे पौंडांपर्यंतच्या कर्जासकट प्रीपेमेंटवाल्याला दुसऱ्या कंपनीत जाता येतं. मीटरच बदलायचा असेल, म्हणजे किल्ली काढून बिलाचा बसवायचा असेल, तेव्हा मात्र त्यांच्याशी बोलून घ्या. त्याची घाईही नाही. प्रीपेमेंट महाग पडतं हे पूर्वी खरं होतं. आता ऑफजेमने ठरवलेल्या दरमर्यादेत ते डायरेक्ट डेबिटपेक्षा, म्हणजे बँकेतून आपोआप भरल्या जाणाऱ्या बिलापेक्षा, किंचित स्वस्तच आहे. त्रास दराचा नाही, पैसे संपले की घर काळोखात आणि गारठ्यात जातं, याचा आहे.

घरमालकांना सांगायचं कसं? विचारू नका, कळवा. नवऱ्याने गावकीच्या सुरात, पण मेसेजवर लिहावं: ‘काका, मीटर आमच्या नावावर करून घेतोय, युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांना कागद लागतात. तुमच्या डोक्याचा ताप कमी.’ खोटं काहीच नाही त्यात. आणि त्याच मेसेजमध्ये गॅस सेफ्टीचं सर्टिफिकेट मागा. दरवर्षी ‘गॅस सेफ’ या अधिकृत यादीत नाव असलेल्या माणसाकडून बॉयलर तपासून घेऊन त्याची प्रत भाडेकरूला देणं हे मालकाचं कायदेशीर काम आहे. बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि घराचं ऊर्जा प्रमाणपत्र निदान ‘ई’ दर्जाचं हवं. तुमचा बॉयलर निदान मेपासून चाललेला नाही, तेव्हा तो पेटवण्याआधी हे सर्टिफिकेट बघाच.

ते चिडून घर खाली करा म्हणाले तर? ही भीती मी समजू शकते, पोर कडेवर घेऊन थंडीत घर शोधणं सोपं नाही. पण कारण न देता घर सोडायला सांगणारी जी ‘सेक्शन 21’ची नोटीस असे, तिलाही निदान दोन महिन्यांची मुदत लागे, आणि गॅस सेफ्टीचं सर्टिफिकेट, ऊर्जा प्रमाणपत्र तुम्हाला दिलेलं नसेल किंवा तुमचं डिपॉझिट अधिकृत योजनेत ठेवलेलं नसेल तर ती नोटीस सहसा टिकत नसे. 1 मे 2026 पासून तर ती नोटीसच इंग्लंडमध्ये बंद आहे. तसं काही पत्र आलंच तर सही करायच्या आधी शेल्टर या संस्थेला किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसला दाखवा.

बरं, मदत. तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे, दुसरीचं चूक. सेटल्ड स्टेटस असलेल्या माणसाने हक्काचं बेनिफिट घेतलं म्हणून त्याचं स्टेटस जात नाही आणि नागरिकत्वाच्या अर्जालाही ते आड येत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट तुम्ही आधीच घेताय, त्यानंतर इंधनाच्या व्हाउचरला लाजण्यात अर्थ काय? हात पसरण्याबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर मी तुम्हाला व्याख्यान देणार नाही. एवढंच सांगते की नवरा रात्रभर गोदामात खोकी उचलतो, त्याच्या पगारातून कर कापला जातो, आणि हे पैसे त्याच खिशातून आलेले आहेत.

पहिलं दार कौन्सिलचं. इंग्लंडमध्ये कौन्सिलांना 31 मार्च 2026 पर्यंत ‘हाउसहोल्ड सपोर्ट फंड’ म्हणून पैसे मिळत होते. एप्रिल 2026 पासून त्याच्या जागी ‘क्रायसिस अँड रेझिलिअन्स फंड’ आहे. प्रत्येक कौन्सिलची पद्धत वेगळी. कुणी थेट पैसे देतं, कुणी व्हाउचर, कुणी संस्थांमार्फत वाटतं. स्विंडन बरो कौन्सिलच्या साइटवर हे नाव शोधा, आणि उद्यावर टाकू नका, कारण हा पैसा ठरावीक असतो आणि थंडी वाढली की रांगही वाढते.

दुसरं दार इंधनाच्या व्हाउचरचं. फ्युएल बँक फाउंडेशन ही संस्था मुख्यतः प्रीपेमेंट मीटरवाल्यांसाठी आहे. तिच्याकडे थेट अर्ज करता येत नाही. फूड बँक, सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा तिच्याशी जोडलेली दुसरी संस्था तुमचं नाव पुढे पाठवते, मग व्हाउचर येतं. ते दुकानात किंवा पोस्टात दाखवून किल्लीत किंवा कार्डात पैसे चढवायचे. फूड बँकेत जाणं म्हणजे धान्य घेतलंच पाहिजे असं नाही. इंधनाची अडचण आहे, एवढं सांगा.

तिसरं दार तुमच्या कंपनीचा स्वतःचा मदतनिधी. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे असे निधी आहेत. ऑक्टोपस कंपनी गरजू ग्राहकांना विजेवर गरम होणारी ब्लँकेटंही देते. याशिवाय ब्रिटिश गॅस एनर्जी ट्रस्ट आहे, नाव एका कंपनीचं असलं तरी त्याची मदत दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांनाही मिळू शकते. मात्र तो थकलेल्या बिलासाठी आहे आणि आधी एखाद्या कर्ज-सल्ला संस्थेशी बोललेलं असावं लागतं. मीटरवर तुमच्याच नावाचं मोठं कर्ज निघालं तरच तिकडे वळा.

आता दोन गोष्टी ज्या लोक तुम्हाला सांगतील आणि ज्यांवर फार आशा ठेवू नका. एक ‘कोल्ड वेदर पेमेंट’. सलग सात दिवस सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली गेलं की आठवड्याचे 25 पौंड. युनिव्हर्सल क्रेडिट आहे, पाच वर्षांखालची मुलगी आहे, म्हणून मिळेल असं वाटतं. पण त्या अटीत तुमच्यापैकी कुणीही नोकरीत नसावं लागतं, आणि तुमचा नवरा नोकरीत आहे. मुलीला अपंगत्वाची जोड-रक्कम मिळत असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही लिहिलेलं नाही.

दुसरी ‘वॉर्म होम डिस्काउंट’, हिवाळ्यात एकदाच 150 पौंड. 2025-26 च्या हिवाळ्यापासून नियम सोपा झालाय, घर गरम करायला किती खर्चिक आहे हे आता बघत नाहीत. तुमचं युनिव्हर्सल क्रेडिट त्यात बसतं. पण त्या हिवाळ्यासाठी अट अशी होती की 24 ऑगस्ट 2025 या दिवशी विजेचं खातं तुमच्या किंवा नवऱ्याच्या नावावर हवं. आलं लक्षात, मी खात्याच्या नावाचा एवढा धोशा का लावलाय? घरमालकांच्या त्या ‘राहू दे तसा’ने तुमचे 150 पौंड अडवून ठेवले आहेत. म्हणून खातं मेच्या तारखेपासून लावून घ्या म्हटलं. ते झालं की त्याचं लेखी उत्तर हाताशी ठेवून वॉर्म होम डिस्काउंटच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा आणि मेपासून राहतो, मेपासून आम्हीच भरतो असं सांगा. ते मानतीलच अशी खात्री मी देत नाही. पण खातं एकदा नावावर आलं की पुढच्या वर्षी हे कारण उरणार नाही.

आणि टपालाने आलेलं पाकीट फेकू नका. जुन्या पद्धतीच्या किल्ली-कार्ड मीटरवाल्यांना ही सूट व्हाउचरच्या रूपात येते, त्याला मुदत असते. 2022-23 च्या हिवाळ्यात सरकारने घरटी 400 पौंड दिले, तेव्हा प्रीपेमेंटवाल्यांना व्हाउचरं आली होती आणि त्यातली लाखो वटलीच नाहीत. जाहिरात समजून पाकिटं कचऱ्यात गेली, किंवा जुन्या भाडेकरूच्या नावाने आली म्हणून तशीच पडून राहिली.

हीटरचं बोलायला हवं. तुमची किल्ली का पुरत नाही ते हिशेबानेच दिसेल. पंख्याचा हीटर साधारण दोन किलोवॉटचा असतो, म्हणजे तासाला दोन युनिट. 2025 च्या शेवटी विजेचं युनिट सव्वीस-सत्तावीस पेन्सच्या घरात होतं, तेव्हा तासाला पन्नास पेन्सच्या वर. सहा तास चालला की तीन पौंडांहून जास्त, महिन्याचे नव्वद-शंभर, आणि गरम होते ती एकच खोली. गॅसचं युनिट तेव्हा सहा पेन्सच्या आसपास, म्हणजे विजेच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. बॉयलर जुना असला, वाटेत थोडी ऊब वाया गेली, तरी रेडिएटरच स्वस्त. म्हणून हातात जे काही पैसे असतील ते किल्लीत ओतण्याऐवजी गॅसची उरलेली उधारी मिटवून बॉयलर चालू करा. पन्नासातले चाळीस गेले आहेत, जुनं कर्ज नसेल तर आता थोडेच उरलेत. कंपनीला फोन आधी, भरणा नंतर, एवढा क्रम सांभाळा. आणि ते भरणंही नव्या कार्डावरच.

बॉयलर चालू झाला की सगळं घर तापवायचा हट्ट नको. ज्या खोल्या वापरत नाही तिथल्या रेडिएटरची चकती खाली करा, पूर्ण बंद नको, भिंती गार पडून ओल धरतात. मूल ज्या खोलीत बसतं-झोपतं तिथे 18 अंशांच्या आसपास पुरतं. नवरा रात्रपाळीहून येऊन दिवसा झोपतो, त्याच्यासाठी सबंध घर दिवसभर तापवण्यापेक्षा विजेचं ब्लँकेट घ्या. शंभर-सव्वाशे वॉट, तासाला अडीच ते साडेतीन पेन्स. मुलीच्या अंथरुणात मात्र ते घालायचं नाही.

काळी भिंत ही बुरशी आहे, आणि ती मुलीच्या छातीला वाईट. गार भिंतीवर वाफ बसते म्हणून ती धरते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा म्हणजे मागून हवा खेळेल. भात, किटली, धुतलेले कपडे, सगळ्यांची वाफ शेवटी त्याच भिंतीवर जाते. स्वयंपाक करताना झाकण ठेवा, पंखा लावा, कपडे वाळत घातलेल्या खोलीचं दार बंद करून खिडकी थोडी उघडी ठेवा. खिडकी उघडली तर ऊब जाते हे खरं, पण वाफ बाहेर गेली नाही तर बुरशी पुन्हा धरते. फोटो काढून तारखेसह घरमालकांना पाठवा. दखल घेतली नाही तर कौन्सिलचा एन्व्हायरन्मेंटल हेल्थ विभाग येऊन घर तपासतो. मुलीला खोकला सुटत नसेल तर डॉक्टरांना खोलीबद्दल सांगा, ते पत्र देऊ शकतात आणि अशा पत्राला कौन्सिलपुढे वजन असतं.

एक गोष्ट कळकळीने. गॅस बंद, किल्ली रिकामी, म्हणून कुणी कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात आणायला सुचवलं तर नाही म्हणा. अंगणात ऊब देणारा निखारा इथल्या बंद खोलीत विषारी वायू सोडतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातो. गॅसचा वास आला किंवा बॉयलर लावल्यावर सगळ्यांचं डोकं दुखायला लागलं तर बाहेर पडून 0800 111 999 ला फोन करा, तो चोवीस तास आणि मोफत आहे.

तुमच्या शेवटच्या ओळीत नव्हतं, पण पत्राच्या सुरात होतं म्हणून सांगते: पैसे शनिवारी रात्री संपले तर मीटर बहुतेक वेळा लगेच तोडत नाही. रात्री, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठा चालू ठेवायची सोय त्यात असते, ते मागाहून कापून घेतलं जातं. मात्र पुरवठा आधीच बंद झालेला असेल तर ती सोय आपोआप लागत नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी मीटर बघायची सवय लावा, कंपनीचं कार्यालय सुरू असतानाच.

हे पत्र वाचणाऱ्या इतर घरांसाठी थोडं. तुम्ही कामाच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असाल, आणि व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी निधीतून मदत नाही) असं लिहिलेलं असेल, तर वरचं सगळं तसंच्या तसं तुम्हाला लागू नाही. युनिव्हर्सल क्रेडिट तुम्हाला घेता येत नाही, आणि कौन्सिलच्या मदतीचं काही स्वरूप त्या बंदीत येऊ शकतं, म्हणून अर्ज भरण्याआधी परवानाधारक इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. पण कंपनीचं एमर्जन्सी क्रेडिट, ॲडिशनल सपोर्ट क्रेडिट, हप्ता कमी करून घेणं, प्रायॉरिटी रजिस्टर, जुन्या भाडेकरूचं कर्ज काढून टाकणं, धर्मादाय संस्थेचं इंधन-व्हाउचर, यातलं काहीही सरकारी निधीत मोडत नाही. ते मागताना व्हिसाची भीती बाळगायचं कारण नाही.